भाषा एक म्हणून मालकी एक नव्हे

आमच्या देवस्थानांच्या उत्सवमंडपांत, वाचनालयांच्या ओसऱ्यांवर आणि सुशिक्षितांच्या बैठकींत तेलंगणाचा विषय निघाला की एक ठराविक मत हमखास ऐकावयास मिळते. ते असे की, तेलुगू बोलणारे लोक एक, म्हणून त्यांचे राज्यही एकच असावयास हवे होते; ते २ जून २०१४ रोजी दुभंगले ते केवळ काही सत्ताकांक्षी पुढाऱ्यांच्या हट्टापायी. एका आईची लेकरे वेगळी चूल मांडून बसली यात भूषण ते काय, असा प्रश्न वर विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या मुद्रेवर राष्ट्रैक्याची मोठी सेवा केल्याचे समाधान झळकते.

हे मत आम्हांस मान्य नाही. मराठी आणि कोंकणी या दोन भाषा एकाच नियतकालिकाच्या पानांवर सुखाने नांदाव्यात असे ज्यांना वाटते, त्या वाचकवर्गात तरी ते असू नये असा आमचा आग्रह आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे: भाषेचे नाते हे खरे नाते आहे, परंतु त्या नात्याने कोणास दुसऱ्याच्या घरादारावर मालकी मिळत नाही. एकत्र नांदताना दिलेले वचन पाळले तर नाते टिकते, मोडले तर तुटते. तेलंगणाचा सारा इतिहास या एका वाक्याचा विस्तार आहे.

प्रथम 'लोक एक' या विधानाचाच विचार करू. तेलुगू भाषा एक हे निर्विवाद. पण अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात निजामाने समुद्रकाठचे उत्तर सरकार प्रांत इंग्रजांस दिले, १८०० साली रायलसीमेचा मोठा भाग दिला, आणि तेव्हापासून १९४८ पर्यंत या दोन तेलुगू समाजांचे राज्यकर्ते, न्यायालये, सारापद्धती, शाळा सारे निराळे झाले. मद्रास इलाख्यातील तेलुगू माणूस इंग्रजी शिकला, कालव्याच्या पाण्यावर भात पिकवू लागला, छापखाने आणि वृत्तपत्रे काढू लागला. निजामी मुलखातील तेलुगू माणसाचा कारभार आधी फारसीत व मग उर्दूत चालला. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, तेथेही ज्ञानाची भाषा उर्दूच. गावात देशमुख-दोरांची सत्ता आणि वेठबिगारीचे जू. त्या जुवाविरुद्ध १९४६ ते १९५१ या काळात तेलंगणातील शेतकऱ्याने शस्त्र उचलले, तो लढाही सर्वस्वी त्याचा स्वतःचा होता. दीडशे वर्षे दोन निराळ्या दैवांखाली गेलेल्या माणसांस केवळ व्याकरण एक म्हणून एकजीव मानणे, हा विचार नव्हे, विचाराचा आळस आहे.

या मुलखात तेलुगूची काय अवस्था होती, याची एक हकीकत मराठी वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावी. नोव्हेंबर १९२१ मध्ये हैदराबादेत सामाजिक सुधारणा परिषद भरली. सभास्थान विवेकवर्धिनीचे, म्हणजे आपल्याच मराठी मंडळींनी नावारूपास आणलेल्या संस्थेचे. अध्यक्षस्थानी साक्षात महर्षी धोंडो केशव कर्वे. अन्य भाषांतील व्याख्याने सभेने शांतपणे ऐकली. पण आलमपल्ली वेंकट रामाराव नावाचे वकील तेलुगूत बोलावयास उभे राहिले, तेव्हा श्रोत्यांतून हुर्यो उठली. स्वतःच्याच भूमीत, बहुसंख्यांच्या भाषेत बोलणाऱ्या माणसास खाली बसावे लागले. त्याच रात्री थोडीशी तेलुगू मंडळी एका घरी जमली आणि तेथे आंध्र जनसंघाचा पाया घातला गेला. माडपाटी हणमंतराव आणि बुर्गुल रामकृष्णराव हे त्या मंडळींत होते. ते बुर्गुल पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले. पुढे ते हैदराबाद राज्याचे मुख्यमंत्री झाले. अपमान मराठी संस्थेच्या छताखाली झाला, एवढी गोष्ट तरी आम्ही विसरू नये. स्त्रीशिक्षणाच्या महर्षींच्या सभेतही भाषेचा अहंकार शिरू शकतो, मग तुमच्या-आमच्या बैठकींची कथा काय?

समुद्रकाठच्या बंधूंकडूनही तेलंगणास आदरच मिळाला असे नाही. निजामी मुलखात तेलुगू कवीच नाहीत, असा शेरा कोणी मारला, तेव्हा 'गोलकोंडा पत्रिके'चे संपादक सुरवरम् प्रतापरेड्डी यांनी त्यास वादविवादाने उत्तर दिले नाही. त्यांनी गावोगावच्या कवींच्या रचना मागविल्या आणि १९३४ साली 'गोलकोंडा कवुल संचिका' प्रसिद्ध केली. तीत ३५४ कवी होते. कायद्याच्या भाषेत बोलायचे तर त्यांनी युक्तिवाद टाळला आणि पुरावाच दाखल केला. याच प्रतापरेड्डींना १९५५ साली साहित्य अकादमीचे तेलुगूसाठीचे पहिले पारितोषिक मिळाले, ते आंध्रांच्या सामाजिक इतिहासाच्या ग्रंथाबद्दल. ज्यांच्या प्रांताला वाङ्मय नाही असे म्हटले गेले, त्यांच्यातीलच एकाने अखिल तेलुगू जनांचा इतिहास लिहावा, यात बोध घेणाऱ्यास पुष्कळ बोध आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे वचनाकडे वळू.

पोट्टी श्रीरामुलूंच्या प्राणार्पणानंतर १ ऑक्टोबर १९५३ रोजी आंध्र राज्य झाले. पुढे फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि पणिक्कर यांच्या राज्यपुनर्रचना आयोगाने १९५५ साली अहवाल दिला. भाषिक ऐक्याचे गोडवे गाणाऱ्यांनी या अहवालातील तेलंगणाविषयीचा भाग एकदा वाचावा. आयोगाने तेलंगणाचे तूर्त निराळे राज्य करावे असे सुचविले होते. १९६१ च्या सुमारास होणाऱ्या निवडणुकांनंतर त्या राज्याच्या विधानसभेने दोनतृतीयांश बहुमताने संमती दिली तरच आंध्राशी मीलन व्हावे, अशी त्याची शिफारस होती. म्हणजे घाई करू नका, त्या लोकांस विचारा, आणि निसटत्या बहुमतावर विसंबू नका. ही सूचना बाजूस सारली गेली. तिच्या जागी २० फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत दोन्हीकडच्या नेत्यांनी एक करार केला. 'सभ्य गृहस्थांचा करार' म्हणून तो इतिहासात ओळखला जातो.

कराराची कलमे अशी. तेलंगणासाठी प्रादेशिक मंडळ असावे. सरकारी नोकरीस आणि शिक्षणास बारा वर्षांच्या रहिवासाची अट असावी. सामायिक खर्चातील आपला वाटा दिल्यावर तेलंगणाच्या उत्पन्नातून जी शिल्लक राहील ती तेलंगणावरच खर्च व्हावी. शेतजमिनीच्या विक्रीवर मंडळाचे नियंत्रण असावे. मुख्यमंत्री एका भागाचा असेल तर उपमुख्यमंत्री दुसऱ्या भागाचा असावा. या भरवशावर १ नोव्हेंबर १९५६ रोजी आंध्र प्रदेश जन्मास आला.

आणि काय झाले? पहिल्याच मंत्रिमंडळात उपमुख्यमंत्री नेमला गेला नाही. मांडवाचे खांब उतरण्यापूर्वीच वचन मोडले. 'मंडळा'ऐवजी १९५८ च्या आदेशाने 'समिती' आली, आणि शब्द लहान झाला तसा अधिकारही लहान झाला. शिल्लक रकमेचे काय झाले याचा हिशेब १९६९ साली कुमार ललित समितीने केला, तेव्हा १९५६ ते १९६८ या काळात तेलंगणावर खर्च व्हावयास हवे होते ते सुमारे ३४ कोटी रुपये झालेच नव्हते असे निघाले. त्या काळचे ३४ कोटी म्हणजे किती शाळा, किती तळी, किती विहिरी, याचा हिशेब वाचकांनी करावा. काकतीयांच्या काळापासून तलाव बांधून जगलेला हा प्रदेश. त्याच्या तलावांत गाळ साचत गेला आणि नद्यांचे पाणी खाली वाहून गेले. 'नीळ्लु, निधुलु, नियामकालु', म्हणजे पाणी, पैसा आणि नेमणुका, ही तेलंगण चळवळीची त्रिसूत्री कोणा पुढाऱ्याच्या डोक्यातून निघालेली नाही. ती १९५६ च्या करारातील मोडलेल्या कलमांची साधी यादी आहे.

नोकऱ्यांच्या कलमाची कथा तर विधिज्ञांनी अभ्यासावी अशी आहे. रहिवासाच्या अटीसाठी संसदेने १९५७ साली कायदा केला. मार्च १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातील तेलंगणाचे संरक्षण रद्द ठरविले. घटनेच्या १६ व्या अनुच्छेदान्वये अशी अट संपूर्ण राज्यास लावता येते, राज्याच्या एका भागास नव्हे, हे त्याचे कारण. निर्णय कायद्याने योग्य असेल. पण मग ज्यांनी वचन देताना हा अडसर पाहिला नाही, त्यांच्या दूरदृष्टीविषयी काय बोलावे? त्याच वर्षी तेलंगण पेटले. चळवळ आपल्या हुतात्म्यांची संख्या ३६९ सांगते. त्यांचे स्मारक हैदराबादेत गनपार्कमध्ये उभे आहे. १९७१ च्या लोकसभा निवडणुकीत तेलंगण प्रजा समितीने तेथील १४ पैकी १० जागा जिंकल्या. मूठभर असंतुष्टांचा कट म्हणणाऱ्यांस हे आकडे पुरेसे उत्तर आहेत.

पुढचे वळण अधिक उद्बोधक आहे. ऑक्टोबर १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निजामकालीन मुल्की नियम अद्याप अंमलात आहेत असा निर्णय दिला. म्हणजे वचनाला एकदाचे कायद्याचे बळ आले. आणि त्याबरोबर समुद्रकाठच्या जिल्ह्यांत 'जय आंध्र' चळवळ उसळली व तिने स्वतंत्र आंध्र राज्य मागितले! वचन निव्वळ कागदावर होते तोवर ऐक्य पवित्र; ते अंमलात येणार असे दिसताच ऐक्य नकोसे. तेव्हाचे मुख्यमंत्री पी. व्ही. नरसिंहराव यांस जावे लागले, १९७३ साली सहासूत्री तोडगा निघाला, आणि बत्तिसाव्या घटनादुरुस्तीच्या मार्गाने मुल्की नियम व प्रादेशिक समिती ही दोन्ही गुंडाळली गेली. ऋणकोने आरडाओरड केली म्हणून धनकोचा दस्तऐवजच फाडून टाकावा, असा हा न्याय झाला.

त्यानंतरचे प्रकार थोडक्यात सांगतो. डिसेंबर १९८५ मध्ये सरकारी आदेश क्रमांक ६१० निघाला: तेलंगणात नियमबाह्य नेमलेल्या बाहेरच्या कर्मचाऱ्यांस ३१ मार्च १९८६ पर्यंत परत पाठवावे. त्याची अंमलबजावणी का झाली नाही हे शोधण्यासाठी २००१ साली गिरग्लानी आयोग नेमावा लागला. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने डिसेंबर २०१० मध्ये सहा पर्याय मांडले, आणि श्रेयस्कर ठरविला तो राज्य एकत्र ठेवून तेलंगणास वैधानिक अधिकारांचे प्रादेशिक मंडळ देण्याचा. समितीच्या विद्वत्तेविषयी आम्हांस पूर्ण आदर आहे. पण चौपन्न वर्षांपूर्वी दिलेले आणि मोडलेले वचन पुन्हा नव्या कागदावर लिहून घ्या, हा सल्ला कोणत्या तोंडाने स्वीकारावयाचा होता?

विभाजनाच्या पद्धतीवर आक्षेप घेणारे म्हणतात की, आंध्र प्रदेश विधानसभेने जानेवारी २०१४ मध्ये विधेयक फेटाळले असतानाही संसदेने राज्य तोडले, हे लोकशाहीस धरून झाले काय? या आक्षेपाचे उत्तर मुंबई राज्याच्याच प्रकरणात फार पूर्वी दिले गेले आहे. बाबुलाल पराते खटल्यात १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, तिसऱ्या अनुच्छेदाखाली राज्य विधिमंडळाचे मत मागविले पाहिजे, पण संसद त्या मताने बांधलेली नाही. तसे नसते तर बहुसंख्य भागाने अल्पसंख्य भागास कायमचे कोंडून ठेवले असते. फेब्रुवारी २०१४ मध्ये लोकसभेत जो गोंधळ झाला त्याचे समर्थन आम्ही करणार नाही. पण निकाल देताना न्यायालयात गडबड झाली, म्हणून वादीचा दावा खोटा ठरत नसतो.

आता दुसऱ्या आरोपाकडे वळतो. तो संस्कृतीविषयी आहे. तेलंगणाची म्हणून निराळी संस्कृती ती कोणती, असे विचारले जाते. त्यांची बोली म्हणजे उर्दूमिश्रित गावंढळ तेलुगू. शुद्ध भाषा कृष्णा-गोदावरीच्या मुखाकडली. कित्येक वर्षे शाळेच्या क्रमिक पुस्तकांत ती किनारपट्टीची भाषा होती, आणि चित्रपटांत तेलंगणाची बोली कोणाच्या तोंडी? खलनायकाच्या किंवा विदूषकाच्या. मुलाने शाळेत आपल्या आईसारखे बोलावे आणि वर्ग हसावा, ही शिक्षा किती पिढ्यांनी भोगली!

या जुलमाविरुद्ध ज्यांनी आयुष्यभर लेखणी चालविली त्या काळोजी नारायणरावांचे वडील मराठी आणि आई कन्नड होती. विजापूर जिल्ह्यात जन्मलेला हा पुरुष वरंगळच्या मातीत रुजला, निजामाच्या रोषास पात्र झाला, आणि तेलंगणाच्या बोलीचा सर्वांत निर्भय कैवारी ठरला. त्यांचा जन्मदिवस ९ सप्टेंबर हा आज तेलंगण भाषादिन म्हणून पाळला जातो. नरसिंहरावांनी हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' तेलुगूत नेली, हेही वाचकांस ठाऊक असेल. मराठी माणसाने परमुलखात कसे राहावे, आणि परभाषिकाने मराठीवर कसे प्रेम करावे, याचे हे दोन वस्तुपाठ. दोहोंतही मालकीचा गंध नाही.

आणि बोलीविषयी हे सारे आम्हांस कोणी शिकवावे काय? कोंकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, या वादात गोमंतकाने किती शक्ती वेचली! १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणाविरुद्ध ३४,०२१ मतांचे आधिक्य पडले. विलीनीकरणाच्या बाजूने ज्यांनी मत दिले त्यांचे मराठीवरील प्रेम खोटे होते असे आम्ही कदापि म्हणणार नाही. आमच्या मंदिरांतील आरत्या, कीर्तने, पोथ्या मराठीत आहेत, ते नाते कोण नाकारील? पण त्या प्रेमाच्या आधारे सबंध गोमंतकाचे राजकीय भवितव्य ठरविता येत नव्हते, आणि कौलाने तेच सांगितले. १९७५ साली साहित्य अकादमीने कोंकणीस मान्यता दिली, १९८७ साली गोवा राज्य झाले, १९९२ साली कोंकणी आठव्या परिशिष्टात गेली. त्यायोगे मराठी बुडाली काय? दोन्ही भाषा आज याच पानांवर शेजारी बसल्या आहेत. मग जे गोमंतकात अनुभवाने कळले, ते हैदराबादेविषयी बोलताना का विसरावे?

संस्कृतीचा पुरावा हवा असेल तर तो तेलंगणाच्या देवळांत आणि अंगणांत मिळेल. भाद्रपद अमावास्येपासून नऊ दिवस तेथील स्त्रिया तरवड, कुरडू आणि झेंडूची फुले ताटात थरावर थर रचून त्यांचा गोपुराकार मनोरा करतात, मध्ये हळदीची गौरी ठेवतात आणि भोवती फेर धरून गातात. ती बतुकम्मा. फुलांनी देवास पूजणे सर्वत्र आहे. येथे फुलांचाच देव होतो, आणि अखेरीस तळ्यात विसर्जन पावतो. भोंडल्याचा फेर धरणाऱ्या आमच्या लेकीसुनांस हा उत्सव परका वाटण्याचे काही कारण नाही. आषाढात बोनाल: डोक्यावर भाताचे मडके, त्यावर दिवा, अंगावर कडुनिंबाचे डहाळे, आणि महांकाळी, पोचम्मा, यल्लम्मा यांच्या दारी नैवेद्य. प्रारंभ गोलकोंड्याच्या किल्ल्यावरून. आणि दर दोन वर्षांनी माघ पौर्णिमेच्या सुमारास मेडारमच्या अरण्यात सम्मक्का-सारलम्मांची जत्रा भरते. तेथे मूर्ती नाही; चिलकलगुट्टा टेकडीवरून कुंकवाच्या करंड्याच्या रूपाने देवी येते, पूजा कोया आदिवासी पुजारी करतात, भक्त गूळ वाहतात आणि त्या गुळास सोने म्हणतात. लाखो लोक जमतात.

हे ग्राम्य आहे, शास्त्रोक्त नाही, असे नाक मुरडणारे आमच्या देवस्थान-समाजातही आहेत. त्यांना आम्ही विचारतो: तुमच्या गावची सातेरी वारुळाच्या रूपात पुजली जाते, ती कोणत्या आगमाने? याच भूमीत रेचर्ल रुद्र या सेनापतीने १२१३ साली पालमपेटला रामप्पा मंदिर उभारले, जे जुलै २०२१ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले, आणि ज्यास लोक शिल्पकाराच्या नावाने ओळखतात. कारागिराच्या नावाने देऊळ ओळखणाऱ्या आणि गुळाला सोने म्हणणाऱ्या समाजास संस्कृती नाही, असे म्हणावयास फार मोठे धाडस लागते.

येथवर आम्ही तेलंगणाचे वकीलपत्र घेतले. पण वकीलपत्र म्हणजे अशिलाची भाटगिरी नव्हे, आणि जो न्याय आंध्रास लावला तोच तेलंगणाच्या नव्या राज्यकर्त्यांस लावला पाहिजे. संस्कृती ही राज्यकर्त्यांकडे सोपविलेली ठेव आहे. ती आपल्या पक्षाची मिळकत समजून जो तिच्यावर आपली मोहर उठवितो, तोही वचनभंगच करतो.

यादगिरीगुट्ट्याच्या नृसिंह मंदिराचा भव्य जीर्णोद्धार राज्य सरकारने केला आणि मार्च २०२२ मध्ये ते पुन्हा उघडले, ही स्तुत्य गोष्ट. पण २०१९ साली तेथील दगडी खांबांवर मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांची प्रतिमा, त्यांच्या पक्षाचे मोटारीचे चिन्ह आणि सरकारी योजनांची चित्रे कोरलेली आढळली. लोक खवळले तेव्हा ती काढली गेली. काकतीयांचे सेनापती आपले नाव शिलालेखात ठेवीत, पण खांबावर निवडणूक-चिन्ह कोरण्याची बुद्धी त्यांस झाली नव्हती! याच पक्षाने २०२२ साली आपल्या नावातून 'तेलंगण' हा शब्दच वगळला. ज्या नावावर राज्य मागितले ते नाव दिल्लीच्या वाटेवर जड झाले. २०२३ च्या डिसेंबरात मतदारांनी त्यांस सत्तेवरून उतरविले.

नव्या काँग्रेस सरकारने तरी धडा घ्यावा की नाही? २०२४ साली राजमुद्रेतून काकतीय तोरण आणि चारमिनार काढण्याचा घाट घातला गेला. विरोध झाल्यावर तो पुढे ढकलला. त्याच वर्षी ९ डिसेंबरला सचिवालयात 'तेलंगण तल्ली'ची नवी मूर्ती बसली. चळवळीच्या काळातील मूर्तीच्या हातात बतुकम्मा होती आणि मस्तकी मुकुट. नव्या मूर्तीत दोन्ही नाहीत. मुकुटाऐवजी साधी कष्टकरी स्त्री दाखविली, हा हेतू वाईट नसेल. पण प्रत्येक निवडणुकीनंतर आईचा चेहरा बदलावयाचा असेल, तर ती आई कोणाची? जनतेची, की मंत्रिमंडळाची? मुद्रा, मूर्ती, क्षेत्राचे नाव या गोष्टी विधानसभेच्या विशेष बहुमताशिवाय बदलता येऊ नयेत, असा कायदा तेलंगणाने करावा. आयोगाने १९५५ साली मीलनासाठी सुचविलेली दोनतृतीयांशाची अट येथे तरी उपयोगी पडावी.

या साऱ्यात देवाचे काय झाले, हे भद्राचलात दिसते. गोलकोंड्याच्या तहसीलदार कंचर्ल गोपण्णांनी, म्हणजे भक्त रामदासांनी, सरकारी वसूल वापरून तेथे रामाचे मंदिर बांधले आणि कुतुबशाहीच्या तुरुंगात यातना भोगल्या. १६७७ साली शिवछत्रपती ज्या मादण्णा-आकण्णांच्या भागानगरास गेले, त्यांचाच हा भाचा असे परंपरा सांगते. २०१४ च्या पुनर्रचना कायद्याने पोलावरम धरणासाठी आसपासचा प्रदेश आंध्राकडे गेला. भद्राचलम मंडलाचा तर कायद्यातच असा तुकडा पडला की, भद्राचलम हे महसुली गाव तेलंगणात आणि उरलेले मंडल आंध्रात. परिणामी राम एका राज्यात राहिला आणि पुरुषोत्तमपट्टणम येथील त्याची सुमारे ८८९ एकर जमीन दुसऱ्या राज्यात गेली. तीवर अतिक्रमणे झाली, आणि तेलंगणाच्या अधिकाऱ्याचा हुकूम तेथे चालत नाही. इकडे आंध्र सरकारने २०१५ पासून आपला अधिकृत रामनवमी सोहळा कडप्पा जिल्ह्यातील ओंटिमिट्टा येथे सुरू केला. आणि भागवतकार पोतना बम्मेरचा की ओंटिमिट्ट्याचा, हा जुना वादही नव्याने पेटला. ज्याने आपले काव्य राजास अर्पण करण्याचे नाकारले असे सर्व तेलुगू मुलूख अभिमानाने सांगतो, त्या कवीवर आता दोन राजे हक्क सांगतात!

गोमंतकाच्या वाचकांस हे दुःख समजावून सांगावयास नको. सोळाव्या शतकात आमचे देव साष्टीतून नदीपार अंत्रूजात आले आणि त्यांच्या जमिनी मागे परक्या हाती राहिल्या. तेव्हा राज्यकर्ता परधर्मी आणि परदेशी होता. भद्राचलात दोन्ही बाजूंस देवास नमस्कार करणारी सरकारे आहेत, दोन्हींची भाषा एक आहे, आणि तरी देवाचे शेत सुटत नाही. भाषिक ऐक्याचे ज्यांना खरोखर प्रेम आहे त्यांनी त्याची कसोटी येथे लावावी. दोन्ही सरकारांनी संयुक्त मोजणी करावी, अतिक्रमणांचा निकाल मुदतीत लावणारे संयुक्त न्यायाधिकरण नेमावे, आणि जमिनीचे उत्पन्न देवस्थानाच्या खजिन्यात थेट जमा होईल अशी वैधानिक तजवीज करावी. यासाठी नव्या राज्याची गरज नाही, नव्या आंदोलनाचीही नाही. देवापुढे केलेल्या दानाचा लेख पाळण्याची इच्छा असली की पुरे.

आमच्या घरातही अशा वचनांचे कागद पडून आहेत. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भ आणि मराठवाड्यास काय काय देऊ केले होते ते काढून वाचावे. घटनेच्या ३७१ व्या अनुच्छेदाखाली १९९४ साली झालेल्या विकास मंडळांची मुदत २०२० साली संपली, तेव्हा किती मराठी सभांनी त्याबद्दल एक ठराव तरी केला? तेलंगणास फुटीर म्हणणाऱ्यांनी आधी औरंगाबाद आणि अमरावतीच्या शेतकऱ्यास विचारून यावे की, एक भाषा असल्याने त्याच्या वाट्याचे पाणी त्यास आपोआप मिळाले काय.

हैदराबादेतील मराठी बांधवांस शेवटी एवढेच सांगणे आहे. तुमच्या गणेशोत्सवास आणि नाट्यप्रयोगांस तेलंगणाने कधी आडकाठी केली नाही. आता १९२१ च्या त्या सभेची परतफेड करण्याची पाळी तुमची आहे. येत्या नवरात्रात तुमच्या मंडपात बतुकम्माचा फेर धरू द्या, काळोजींच्या जयंतीस तुमच्या सभागृहात एक व्याख्यान ठेवा, आणि ते तेलुगूत होऊ द्या. वक्ता उभा राहील तेव्हा सभा शांत असली पाहिजे.